व्हिल्नियसच्या नावात लांडगा नाही

‘लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस हे नाव लांडग्यावरून पडलं,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. शंभर लांडग्यांच्या आवाजात ओरडणारा लोखंडी लांडगा राजाच्या स्वप्नात आला, ही दंतकथा इतकी सुंदर आहे की गैरसमज सहज होतो.

पण शब्दकोश उघडा. लिथुआनियन भाषेत लांडगा म्हणजे ‘व्हिल्कस’ आणि लाट म्हणजे ‘व्हिल्निस’. शहराच्या नावात ‘क’ कुठेच नाही, ‘न’ आहे. आता नकाशा पाहा: किल्ल्याच्या टेकडीच्या पायथ्याशी व्हिल्निया ही छोटी नदी नेरिसला मिळते. नाव तिचंच. शिवाय शहराचा उल्लेख १३२३च्या लॅटिन पत्रांत सापडतो. स्वप्नाची कथा मात्र थेट १६व्या शतकातल्या बखरींत. पानेव्हेजिस शहराचं नावही असंच, नेव्हेजिस नदीवरून आलेलं.