‘मानवी तस्करी’ : शब्द एक, गुन्हे दोन

दलालाला पैसे मोजून चोरवाटेने सीमा ओलांडणे आणि फसवून, धाकदपटशाने नेऊन राबवले जाणे या दोन्हींना आपल्या बातम्या सरसकट ‘मानवी तस्करी’ म्हणतात. पहिलीला चोरटी वाहतूक म्हणू, दुसरीला मानवी व्यापार. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली दोहोंसाठी वेगवेगळे करार केले, ते उगाच नाही.

चोरट्या वाहतुकीत गुन्हा देशाविरुद्ध घडतो. पलीकडे पोचवले की दलालाचे काम संपते (निदान बोली तरी तशीच असते). मानवी व्यापारात गुन्हा माणसाविरुद्ध घडतो आणि त्याला सीमा लागतेच असे नाही. एकाच शहरातही तो होतो. तिथे फसवणूक किंवा बळजबरी झाली असेल, तर ‘त्याचा होकार होता’ हा बचाव टिकत नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर बळजबरी दाखवण्याचीही गरज नसते.

हा फरक हक्कांच्या वेळी महागात पडतो. व्यापाराचा बळी ठरलेल्याला निवारा, उपचार, कधी तात्पुरता राहण्याचा परवाना मिळू शकतो. चोरवाटेने आलेल्याच्या वाट्याला बहुधा कोठडी आणि परतीचे विमान. निव्वळ दलालामार्फत आला म्हणून त्याच्यावर खटला नको, असे चोरट्या वाहतुकीचा करार सांगतो. पण देशाचा स्वतःचा बेकायदा प्रवेशाचा कायदा त्याने अडत नाही.

मुळात एकच माणूस पहिल्या खान्यातून दुसऱ्यात कधी गेला, हे त्यालाही कळत नाही. ग्रीसमधल्या मानोलादा इथल्या स्ट्रॉबेरीच्या शेतावर बांगलादेशी मजूर परवान्याविना, पण स्वखुशीने कामाला लागले होते. बोली दिवसाला २२ युरोंची होती. काम बारा तास, पहाऱ्याला बंदूकधारी, मजुरी थकलेली. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी पैसे मागितले, तेव्हा पहारेकऱ्याने गोळीबार केला. स्थानिक न्यायालयाने मानवी व्यापाराचा आरोप फेटाळला. मजूर निघून जायला मोकळे होते म्हणे! २०१७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हे मान्य केले नाही. निघून गेले असते तर थकलेली मजुरी बुडाली असती आणि कागदपत्रांविना पकडले जाण्याची भीती होतीच. सुरुवातीचा होकार पुरेसा नाही, हे सक्तीचे श्रमच, असे म्हणत त्याने ४२ मजुरांच्या बाजूने निकाल दिला.