आषाढातलं ऊन मोजताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलं, तेव्हा दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात विजेचे खांब माडांच्या बरोबरीने आडवे झाले. लाइट यायला कित्येक आठवडे गेले. काकूने माळ्यावरचा कंदील पुसून खाली आणला. ज्याच्याकडे जनरेटर होता त्याच्या पडवीत मोबाइल चार्ज करायला रांग लागायची. पुढे घरावर सोलर बसवायचं ठरलं, तर दुकानदाराचा पहिलाच प्रश्न, "किती वॅटचं पॅनेल देऊ?"

खरं तर हा प्रश्न शेवटी यायला हवा. आमच्याकडे लाइट जाते ती वैशाखातल्या लख्ख दुपारी क्वचितच. आभाळ भरून येतं, वारा सुटतो, झावळी तारेवर पडते आणि मग जाते. म्हणजे सोलरची गरज पडते ती नेमकी ऊन नसताना. त्यामुळे हिशेब आषाढाचा धरावा लागतो, आणि तो सुरू होतो घरातल्या बटणांपासून.

काकूच्या घरी रात्री काय काय लागतं ते कागदावर मांडलं. ९ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, म्हणजे १८० वॅट-तास (वॅट गुणिले तास). राउटर १० वॅटचा, बारा तास: १२०. मोबाइलचं चार्जिंग मिळून पन्नासेक. आणि दोन पंखे आठ तास. इथे घोडं अडलं. जुना पंखा ७५ वॅट खातो, म्हणजे दोघांचे १२०० झाले. बाकी सगळं घर ३५० मध्ये भागतंय आणि पंखेच १२०० घेतायत! बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे लावले, ते ३० वॅटच्या आसपास घेतात. आकडा ४८० वर आला. पंखे बदलणं हे पॅनेल वाढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडलं. आता एकूण बेरीज ८३० आणि इन्व्हर्टर स्वतः जे खातो ते धरून साधारण हजार वॅट-तास, म्हणजे बिलावरचं एक युनिट.

हे एक युनिट साठवायचं कशात? १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची ट्यूब्युलर (शिसं आणि आम्लाची, नेहमीची इन्व्हर्टरची) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची असते, पण तिच्यातली निम्मी वीजच वापरावी. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केलं तर ते पुन्हा विरघळतं. बॅटरी खोलवर उतरवून तशीच ठेवली तर त्याचे खडे घट्ट होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, वजनालाही हलकी, पण सुरुवातीला खिसा जास्त रिकामा करते. आम्ही जुन्या वळणाच्या दोन बॅटऱ्या घेतल्या आणि सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडून २४ व्होल्ट केलं. तेवढीच शक्ती दुप्पट व्होल्टेजवर न्यायची तर करंट निम्मा होतो आणि वायर तापून वाया जाणारी वीज चौथाईवर येते.

आता पॅनेल. आमच्या पॅनेलवर लिहिलेला ३३० वॅट हा आकडा कारखान्यातल्या चाचणीचा. तिथे पॅनेलचं तापमान २५ अंश असतं. मे महिन्यात छपरावरचं पॅनेल ६० अंशांच्या वर जातं, आणि दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के शक्ती घटते. म्हणजे नुसत्या तापण्यात चौदा टक्के गेले. धूळ, वायर वगैरे धरून तीस टक्के वजा करा. पूर्ण उन्हाचे साडेपाच तास मिळाले, तरी एका पॅनेलमागे सव्वा युनिट हाती येतं. आषाढात मात्र ढगांमुळे दिवसभराचा उजेड गोळा केला तरी एखाद्या दिवशी तो दोन तासांच्या उन्हाएवढाच भरतो. तेव्हा अर्धं युनिटही नाही. म्हणून दोन पॅनेलं.

ती किती कलती करायची यावर बरीच चर्चा झाली. नेहमीचा नियम असा की तोंड दक्षिणेला आणि कल अक्षांशाएवढा, म्हणजे इथे १८ अंश. पण शून्य सावलीचा दिवस आठवा, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो. आमच्याकडे तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. मधले अडीच महिने माध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेला असतो! शिवाय ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आभाळातून येतो. त्यामुळे आम्ही कल १० अंशच ठेवला. पावसाने पॅनेल धुऊन निघायला तेवढा पुरतो.

पहिल्या डिसेंबरात दुपारी वीज अचानक घटली. वर चढून पाहिलं तर माडाच्या एका झावळीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. पाटाला एका जागी बांध घातला की पुढचे वाफे कोरडे, तसंच हे. पूर्ण पॅनेल बंद पडू नये म्हणून आत बायपास डायोड (अडलेल्या सेलना वळसा देणारे) असतात, तरी एका सेलवर सावली पडली की साधारण एक तृतीयांश पॅनेल जातं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या लांबतात, हे पॅनेल बसवताना मे महिन्यात कुणाच्या लक्षात येणार?

पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसतो तो चार्ज कंट्रोलर, बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा. इथे पैसे वाचवू नयेत. आमचं पॅनेल ३७ व्होल्टला ९ अँपिअर देतं. साधा, पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर त्याला बॅटरीच्या व्होल्टेजवर (चार्ज होताना साधारण २६) खेचतो. २६ गुणिले ९, म्हणजे २३४ वॅट. उरलेले शंभर वाया. एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर पॅनेलला ३७ वरच ठेवतो आणि जास्तीच्या व्होल्टचं रूपांतर जास्तीच्या अँपिअरमध्ये करतो.

आणखी एक काळजी. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटण बंद करताना उडालेली ठिणगी विझते. पॅनेलमधून येणारी डीसी शून्यावर येतच नाही, तिची ठिणगी ताणली तरी जळत राहते. म्हणून पॅनेलच्या बाजूला डीसीचाच एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारं बटण) हवा. आमच्या वायरमनने आधी घरातला नेहमीचा लावला होता, तो बदलून घेतला.

शेजारी ग्रिडला, म्हणजे खांबावरून येणाऱ्या विजेला जोडलेलं सोलर आहे. पीएम सूर्यघर योजनेतलं अनुदान (३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सोलरला ७८ हजार) अशा जोडणीसाठी मिळतं. बिल कमी येतं, पण लाइट गेली की त्यांचीही जाते. खांबावर चढलेल्या वायरमनला छपरावरून उलट आलेल्या विजेचा शॉक बसू नये म्हणून त्यांचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. बॅटरी नसेल तर भर उन्हातही घर अंधारात.

बॅटऱ्या पडवीत, हवेशीर जागी आहेत, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. झाकणांवरच्या तरंगत्या दांड्या खाली गेल्या की काकू डिस्टिल्ड वॉटर घालते, विहिरीचं नाही. मिक्सर मात्र तिने एकदाच लावून पाहिला. नारळाचं वाटण फिरायच्या आधीच इन्व्हर्टर कोकलला. आता सलग तीन दिवस झड लागली, की ती आधी राउटर बंद करते आणि पाटा-वरवंटा धुऊन घेते.