फेस्टिव्हलला फिल्म पाठवताय? पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडं येण्याआधी एवढं वाचा

पूर्वी पिक्चर फेस्टिव्हलला जायचा म्हणजे पेट्याच जायच्या. ३५ एमएमच्या एका रिळात साधारण २० मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या पिक्चरची सहाएक रिळं, उचलताना कंबर धरायची. आपल्याकडं जत्रेत तंबू टॉकीज लागायची तेव्हा असल्या पेट्या उतरवलेली माणसं सांगलीत अजून भेटतात, त्यांना विचारा. आता फॉर्म ऑनलाइन, निवड करणाऱ्यांना पासवर्डवाली लिंक, त्यामुळं तासगाव-विट्याचं पोरगं घरात बसून पुण्याच्या पिफ नाहीतर गोव्याच्या इफ्फी फेस्टिव्हलला फिल्म पाठवू शकतंय. कोरोनात तर इफ्फीच जानेवारी २०२१ मध्ये गोव्यात आणि ऑनलाइन असा दोन्हीकडं झाला.

पण थेटरात लागायची वेळ आली की बरेच फेस्टिव्हल डीसीपी, म्हणजे थेटरच्या सर्व्हरवर चालणारी डिजिटल कॉपी, मागतात. ती आम्ही करून देतो, आणि तिथंच आमच्याकडं धावपळ सुरू होते. डीसीपी ही एक फाइल नसते, अख्खं फोल्डर असतं, चित्र वेगळं, आवाज वेगळा, सबटायटल वेगळी. त्यातल्या एकाही फाइलचं नाव बदलू नका, थेटरचा सर्व्हर उचलतच नाही. शूट सेकंदाला २५ फ्रेमवर केलं असेल तर आधीच सांगा, कारण डीसीपी शक्यतो २४ ची लागते, आणि फ्रेम तेवढ्याच ठेवून २४ ला आणली की २० मिनिटांची फिल्म ५० सेकंदांनी लांबते, आवाजही जरा जड येतो, तो आम्ही नीट करून देतो पण वेळ लागतो.

आम्ही देतो ती हार्ड डिस्क लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये असते. विंडोजला लावली की ते विचारतं, डिस्क फॉरमॅट करायची का? नाही म्हणा! एका भावानं हो म्हटलं, शोच्या आदल्या रात्री, आम्ही पहाटेपर्यंत जागलो.

लॉक लावून द्या असं बरेच जण म्हणतात. लॉकची किल्ली म्हणजे केडीएम, ती ठराविक सर्व्हरला आणि ठराविक तारखा-वेळेलाच चालते, शो दुसऱ्या स्क्रीनला हलवला की नवीन किल्ली काढा. शॉर्टफिल्मला हा ताप घेऊच नका असं आमचं मत.

यूट्यूबवर टाकायची घाई नको, काही फेस्टिव्हलला प्रीमियरची अट असते, म्हणजे फिल्म आधी कुठं दाखवलेली चालत नाही, नियम वाचा.

येताना एडिटमधनं काढलेली मूळ फाइल आणा, व्हॉट्सॅपवरनं आलेली नको, आवाज वेगळा आणि इंग्रजी सबटायटलची एसआरटी, म्हणजे कुठली ओळ कधी दिसायची ती वेळ लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल. "लई भारी"चं इंग्रजी काय करायचं ते बसून ठरवू. शेवटच्या तारखेच्या पाच दिवस आधी या.