होगार्थची छापचित्रं: फ्रेम करण्याआधी वाचून घ्या

(कागदावरची जुनी चित्रं फ्रेम करून देणाऱ्या आमच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे फ्रेमिंगसाठी येणाऱ्या जुन्या इंग्रजी छापचित्रांत विल्यम होगार्थची चित्रं सर्वांत जास्त असतात. कुणाला ती आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली असतात, कुणी चोरबाजारातून घेतलेली, कुणाच्या मुलीने लंडनहून पाठवलेली. चित्र टेबलावर ठेवलं की बहुतेकांची पहिली सूचना ठरलेली असते: "खालचं ते इंग्रजी नको, माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकून टाका." आणि संच असेल तर दुसरी: "ह्यातली दोन चांगली निवडा, बाकीची राहू द्या."

ह्या दोन्ही गोष्टी करू नयेत, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. त्यामागची कारणं काउंटरवर उभ्याउभ्या पुरी सांगून होत नाहीत, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

होगार्थ कोण होता

होगार्थ १६९७ साली लंडनच्या स्मिथफील्ड भागात जन्मला. वडील शाळामास्तर. गिऱ्हाइकांनी लॅटिनमध्ये गप्पा माराव्यात अशा हौसेने त्यांनी एक कॉफी हाऊस काढलं, ते बुडालं आणि कर्जापायी त्यांना फ्लीटच्या तुरुंगात जावं लागलं. मुलगा तेव्हा शाळकरी वयाचा होता. पुढे चांदीच्या भांड्यांवर नक्षी आणि कुलचिन्हं कोरणाऱ्या एलिस गॅम्बल ह्या कारागिराकडे त्याने उमेदवारी केली. ब्रशच्या आधी त्याच्या हातात कोरणी आली, हे त्याची चित्रं पाहताना लक्षात ठेवावं. कोपऱ्यातलं भांडं, भिंतीवरची तसबीर, खिशातून डोकावणारा कागद, सगळं तो मुख्य माणसाच्या चेहऱ्याइतक्याच निगुतीने कोरतो, कारण गोष्टीचा अर्धा भाग त्याने तिथे ठेवलेला असतो.

त्या काळी इंग्लंडमधले धनिक इटलीतली जुनी चित्रं मोठ्या किमतीला विकत घ्यायचे, आणि घरच्या चित्रकाराला मुख्यतः व्यक्तिचित्रांचंच काम मिळायचं. होगार्थने वेगळी वाट काढली. आधी रंगचित्र करायचं, मग त्यावरून तांब्याच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, कोरून छाप काढायचे आणि ते आगाऊ नोंदणी घेऊन विकायचे. देवदेवता आणि रोमन वीर सोडून त्याने आपल्या शहरातली माणसं विषय म्हणून घेतली: वेश्या, सावकार, वकील, डॉक्टर, पाद्री, उमराव. १७३२ मध्ये 'अ हार्लट्स प्रोग्रेस' ही सहा चित्रांची मालिका आली. गावाकडून लंडनला आलेली मोल नावाची मुलगी पहिल्याच चित्रात कुंटणखान्याच्या मालकिणीच्या हाती लागते आणि सहाव्या चित्रात तिची शवपेटी दिसते. एक गिनीला (गिनी म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) संच होता आणि हजाराहून जास्त संच खपले. मूळ रंगचित्रं १७५५ साली फॉन्टहिलच्या हवेलीला लागलेल्या आगीत जळाली. मोलची गोष्ट आज आपल्याला माहीत आहे ती ह्या कागदी छापांमुळे.

खालची ओळ का झाकू नये

मालिका खपली तशा तिच्या चोरट्या नकलाही निघाल्या. लंडनचे छापखानदार दुसऱ्याच्या चित्राची बेधडक नक्कल करून स्वस्तात विकत, आणि त्यांना अडवणारा कायदा नव्हता. होगार्थने आणि त्याच्या सोबतच्या कलाकारांनी पार्लमेंटकडे अर्ज केला, आणि १७३५ साली कोरीव चित्रांच्या हक्कांचा कायदा झाला. चित्र रचून कोरणाऱ्याला त्यावर १४ वर्षांचा हक्क मिळाला. अट एकच: प्रसिद्धीची तारीख आणि हक्कदाराचं नाव प्लेटवर आणि प्रत्येक छापावर हवं.

त्याची पुढची मालिका, 'अ रेक्स प्रोग्रेस', तेव्हा तयार होती. होगार्थने ती रोखून धरली आणि कायदा लागू झाल्यावर, २५ जून १७३५ ला, बाजारात आणली. तरीही नकलाकारांनी डाव साधला. गिऱ्हाईक म्हणून त्याच्या घरी जाऊन रंगचित्रं पाहिली आणि आठवणीतून कोरून आपले छाप आधीच विकायला काढले. त्यावर होगार्थने टॉमस बेकवेल ह्या विक्रेत्याला लहान आकाराच्या स्वस्त प्रती काढायची रीतसर परवानगी दिली. अडीच शिलिंगाच्या त्या प्रती आजही अधूनमधून दिसतात. आकार लहान आहे म्हणून त्या खोट्या समजू नका.

चित्राच्या खाली बारीक अक्षरांत जे नाव, तारीख आणि पार्लमेंटच्या कायद्याचा उल्लेख असतो, ती हीच ओळ. एका कारागिराने झगडून मिळवलेला हक्क तिथे लिहिलेला आहे. प्रत कोणत्या काळातली हे ठरवतानाही सर्वांत आधी तीच पाहिली जाते. ती कापली तर चित्राची ओळख जाते, आणि झाकली तर पुढच्या पिढीला ती आहे हेसुद्धा कळत नाही. आमच्याकडे अशी कापलेली चित्रं येतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण त्यावर इलाज नसतो.

संच का फोडू नये

'रेक्स प्रोग्रेस'मध्ये आठ चित्रं आहेत. कंजूष बापाच्या मरणानंतर टॉम रेकवेल ह्या पोराच्या हाती पैसा येतो. शिंपी माप घेतोय, आणि ज्या मुलीला वचन दिलं त्या सारा यंगला तो पैसे देऊन वाटेला लावू पाहतोय, अशी सुरुवात. पुढे ऐट, दारूचा अड्डा, कर्जापायी अटक, पैशासाठी एका डोळ्याच्या म्हाताऱ्या बाईशी लग्न, जुगार. सातवं चित्र फ्लीटच्या तुरुंगाचं आहे, जिथे होगार्थचे वडील राहून आले होते. ती खोली त्याने ऐकीव माहितीवरून काढलेली नाही. आठव्यात टॉम बेडलमच्या वेड्यांच्या रुग्णालयात जमिनीवर पडलेला आहे आणि भरजरी कपड्यांतल्या दोन बायका तिथली माणसं बघायला करमणूक म्हणून आल्या आहेत. त्या काळात लोक खरोखर तसे जात. सारा यंग अजून त्याच्या शेजारी आहे. हे एकच चित्र लावलं तर ते नुसतं भेसूर दिसतं. आधीची सात माहीत असली तर मात्र नजर टॉमवरून त्या दोन बायकांकडे जाते. ह्या मालिकेची रंगचित्रं लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहेत.

आम्हाला स्वतःला सर्वांत आवडणारा संच 'मॅरिज अ-ला-मोड'. रंगचित्रं साधारण १७४३ ची, छाप १७४५ चे, कोरणारे बॅरॉन, राव्हने आणि स्कोटिन हे तीन फ्रेंच कारागीर. पहिल्या चित्रात लग्नाच्या याद्या चालल्या आहेत. एकीकडे संधिवाताने सुजलेला पाय स्टुलावर ठेवून बसलेला अर्ल, म्हणजे किताबधारी उमराव. तो आपल्या वंशवृक्षाकडे बोट दाखवतोय, आणि त्या वृक्षाचा बुंधा थेट विल्यम द कॉन्करर ह्या राजापासून निघालेला. खिडकीबाहेर त्याचं अर्धवट राहिलेलं बांधकाम दिसतं: घराणं मोठं, तिजोरी रिकामी. समोर चष्मा लावून करारनामा तपासणारा व्यापारी, मुलीचा बाप. त्याला किताब हवाय, अर्लला रोकड. ज्यांचं लग्न ठरतंय ती दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलीत. नवरा आरशात स्वतःला न्याहाळतोय आणि त्याच्या मानेवर काळा ठिपका आहे. गुप्तरोगाची ही खूण होगार्थने सगळ्या मालिकेत फिरवली आहे. नवरी रुमालात अंगठी ओवून चाळा करतेय, आणि सिल्व्हरटंग नावाचा वकील लेखणी तासत तिच्या कानाशी बोलतोय. नवऱ्याच्या पायाशी एकाच साखळीने बांधलेले दोन कुत्रे.

दुसऱ्या चित्रात सकाळ उलटून गेली तरी दोघं आळोखेपिळोखे देतायत. नवऱ्याच्या खिशातून बाईची टोपी लोंबते आणि कुत्रा ती हुंगतोय. कारभारी बिलांचा गठ्ठा घेऊन हात वर करून निघालाय. तिथून सहाव्या चित्रापर्यंत खून, फाशी आणि विष. नवऱ्याला मारणारा वकील फासावर गेल्याची बातमी वाचून मुलीने जीव दिलाय, आणि बाप काय करतोय? मरणाऱ्या लेकीच्या बोटातली अंगठी काढून घेतोय. तिच्या गालाशी धरलेल्या लहानग्याच्या तोंडावर तोच काळा ठिपका आहे. हा ठिपका पहिल्या चित्रात ज्याने पाहिला नाही, त्याला सहाव्यातल्या मुलाचं काय झालंय हे कळणार नाही. संच एकत्र ठेवण्याचा आमचा आग्रह ह्यासाठी आहे.

फ्रेमवाले म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. १७५१ मध्ये ही सहा रंगचित्रं होगार्थने विकायला काढली तेव्हा बोली लावायला जवळपास कुणी आलंच नाही. सहाही मिळून १२० गिनींना गेली. प्रत्येक चित्राच्या चौकटीलाच त्याने ४ गिनी खर्चलेल्या होत्या. आज ती लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत.

ह्या संचाचे छाप रंगचित्रांच्या उलटे आहेत: गॅलरीत अर्ल उजवीकडे बसलेला, छापात डावीकडे. प्लेटवर जसंच्या तसं कोरलं की कागदावर डावं-उजवं बदलतं. इंटरनेटवर रंगचित्र पाहून "आमची प्रत उलटी निघाली" असं काही जण काळजीने विचारतात. उलटी आहे हे बरोबरच आहे.

'जिन लेन' आणि 'बीअर स्ट्रीट' ही जोडी

फेब्रुवारी १७५१ मध्ये आलेल्या ह्या दोन चित्रांमागे रंगचित्र नाही, ती थेट छापण्यासाठीच केलेली. धान्यापासून दारू गाळायला सरकारने कित्येक वर्षं उत्तेजन दिलं होतं. जिन ही कडक दारू स्वस्त होती आणि लंडनच्या गरीब वस्त्यांत ती कुठेही मिळे. १७३६ साली जबर परवाना शुल्क लावून पाहिलं, तो कायदा कुणी जुमानला नाही. चोरटी विक्री वाढली आणि शेवटी तो मागे घ्यावा लागला.

'जिन लेन' घडतं सेंट जाइल्स वस्तीत. पायरीवर बसलेली बाई तपकीर घेतेय आणि तिचं मूल कठड्यावरून खाली पडतंय, तिचं लक्षही नाही. गहाणवटीच्या दुकानात सुतार आपली करवत ठेवतोय आणि एक बाई स्वयंपाकाची भांडी. हत्यारं गेली म्हणजे उद्याची कमाई गेली, भांडी गेली म्हणजे घर गेलं, हे होगार्थ एका अक्षराशिवाय सांगतो. पडक्या माडीवर एक न्हावी फासाला लटकलाय. तळघराच्या दारावर लिहिलंय: एका पेनीत झिंगा, दोन पेनीत पूर्ण शुद्ध हरपा, पडायला स्वच्छ पेंढा फुकट. 'बीअर स्ट्रीट'मध्ये सगळं उलट: कामकरी धष्टपुष्ट, आणि मोडकळीला आलेलं घर एकच, ते गहाणवटवाल्याचं. म्हणून ही जोडी एकाच उंचीवर शेजारीशेजारी लावावी. दोन्हीखालची पद्यं जेम्स टाउनली ह्या पाद्र्याची आहेत, तीही उघडी राहू द्यावीत.

ही चित्रं होगार्थने मुद्दाम स्वस्त ठेवली, एक शिलिंगाला एक. तरी ती रोजंदारीवरच्या माणसाच्या आवाक्यात फारशी नव्हती. पण दुकानांच्या खिडक्यांत आणि कॉफी हाऊसांच्या भिंतींवर ती सगळ्यांना दिसत. मॅजिस्ट्रेट हेन्री फील्डिंगनेही त्याच सुमारास जिनविरुद्ध लिहिलं होतं. त्याच वर्षी पार्लमेंटने जिनच्या किरकोळ विक्रीला खरा लगाम घालणारा कायदा केला.

तुमची प्रत कधीची

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रती होगार्थच्या हयातीनंतरच्या असतात. १७६४ मध्ये तो वारल्यावर पत्नी जेन हिने त्याच प्लेटांवरून छाप विकले. तिच्यानंतर प्लेटा बॉयडेल ह्या प्रकाशकाकडे गेल्या, आणि झिजल्यावर जेम्स हीथने पुन्हा कोरलेल्या प्लेटांवरून १८२२ च्या सुमारास मोठी आवृत्ती निघाली. होगार्थ स्वतःही जुन्या प्लेटांत बदल करत असे: बेडलमच्या चित्रात भिंतीवर ब्रिटानियाचं (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं) नाणं असेल, तर ती प्रत १७६३ किंवा त्यानंतरची.

कागद उजेडासमोर धरला आणि आडव्या बारीक रेषांना छेदणाऱ्या उभ्या रेषा दिसल्या, तर तो जुन्या पद्धतीचा हातकागद. चित्राभोवती प्लेट दाबल्याची खोलगट कड असते. भिंगाखाली अखंड रेषांऐवजी रंगाचे ठिपके दिसले, तर ती ऑफसेटची आधुनिक छपाई. किमतीचा दाखला आम्ही देत नाही.

होगार्थनंतरच्या गिलरे आणि रोलंडसन ह्या इंग्रज व्यंगचित्रकारांच्या चित्रांवर बहुधा हाताने भरलेला रंग असतो आणि तो उजेडाने लवकर उडतो, त्यामुळे ती खिडकीसमोर लावूच नका. गिलरेच्या चित्रात कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई असेल, तर ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली पुनर्मुद्रित प्रत. मुंबईच्या 'हिंदी पंच' ह्या जुन्या व्यंगचित्र-नियतकालिकाची पानंही काही ग्राहक आणतात. तो कागद वेगळा आणि ठिसूळ असतो, त्याबद्दल प्रत्यक्ष बोलू.

आम्ही फ्रेम कशी करतो

चित्र कधीही फेव्हिकॉलने चिकटवत नाही, सेलोटेप लावत नाही, लॅमिनेट करत नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून चित्र आम्लविरहित बोर्डावर टांगतो, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला तरी त्याला हलायला जागा राहते. माउंटची खिडकी प्लेटच्या कडेबाहेर कापतो, सगळा मजकूर आत ठेवून. काच अतिनील किरण अडवणारी, आणि ती कागदाला टेकत नाही. पाठीला प्लायवूड वापरत नाही, कारण त्यातलं आम्ल कागद पिवळा करतं. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावतो, म्हणजे ओल येणाऱ्या भिंतीपासून अंतर राहतं आणि कसर लागण्याची भीती कमी होते. टांगताना चित्राचा मध्य बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षा थोडाच वर ठेवा. सोफ्याच्या वर उंच लावलेला होगार्थ कुणी वाचत नाही.

चित्र आणताना गुंडाळी करू नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट आणा. डाग घरी पुसू नका, ब्लीच तर नकोच. जुन्या फ्रेममध्ये असेल तर फ्रेमसकट आणा आणि मागचा कागद फाडू नका: त्यावर आधीच्या मालकाचं नाव किंवा दुकानाची चिठ्ठी असते, ती आम्ही काढून नव्या फ्रेमच्या पाठीला पाकिटात घालून देतो. खर्चाचा अंदाज लेखी मिळेल. जून ते सप्टेंबर कामाला जास्त दिवस लागतात, कारण कागद पुरता कोरडा झाल्याशिवाय आम्ही फ्रेम बंद करत नाही.