तीन आणि शून्य: निर्देशांक बदलणाऱ्या कमांडमागचा इतिहास

टर्मिनल उघडून 'प्रोज' या, अक्षांश-रेखांशांचे नकाशावरच्या मीटरांत रूपांतर करणाऱ्या छोट्याशा प्रोग्रामला यूटीएमचा (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा) ३१वा पट्टा सांगा आणि '३ ०' एवढीच ओळ द्या. उत्तर येते ५०००००.०० आणि ०.००. हा बिंदू गिनीच्या आखातात, विषुववृत्तावर आहे. ३ अंश पूर्व हे ३१व्या पट्ट्याचे मध्य रेखावृत्त. यूटीएममध्ये मध्य रेखावृत्ताला पाच लाख मीटर हा आकडा मुद्दाम बहाल केलेला असतो, म्हणजे पट्ट्यात पश्चिमेकडे गेले तरी उणे आकडे येत नाहीत. हिशेब तोंडी पडताळता येतो, म्हणून नवे इन्स्टॉलेशन झाले की मी आधी हाच बिंदू पाठवून बघतो.

आता तीच '३ ०' ही ओळ त्याच संचातल्या, एका निर्देशांक पद्धतीतून दुसरीत नेणाऱ्या 'सीएस२सीएस'ला द्या, 'ईपीएसजी:४३२६'वरून (साध्या अक्षांश-रेखांशांचा क्रमांक) 'ईपीएसजी:३२६३१'मध्ये (यूटीएमच्या ३१व्या पट्ट्याचा क्रमांक) न्यायला सांगून. उत्तर साधारण १ लाख ६६ हजार आणि ३ लाख ३२ हजार असे येते. बिंदू सुमारे ४७० किलोमीटर सरकला. एरर नाही, इशारा नाही, आणि दोन्ही प्रोग्राम आपापल्या जागी बरोबर. पहिल्याने ३ हा रेखांश धरला, दुसऱ्याने अक्षांश.

आकड्यांच्या जोडीत जे लिहिलेले नसते ते कुणीतरी धरून चाललेले असते. या कमांडचा इतिहास म्हणजे अशी धरून चाललेली एकेक गोष्ट उघड लिहायला लागण्याचा इतिहास आहे.

सगळ्यात जुनी अशी गोष्ट म्हणजे पृथ्वीचा आकार. ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे अठराव्या शतकातच मोजून सिद्ध झाले होते. पण किती चपटी आणि किती मोठी, याची उत्तरे मोजणी करणाऱ्यागणिक वेगळी आली. एअरीचे १८३० चे, एव्हरेस्टचेही १८३० चे, बेसेलचे १८४१ चे, क्लार्कचे १८६६ चे, असे वेगवेगळे एलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीसाठी धरलेले चपट्या गोलाचे आकार, झाले आणि ज्या देशाला जो जवळचा वाटला तो त्याने उचलला. एव्हरेस्टची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर; आज जीपीएस ज्यावर चालते त्या डब्ल्यूजीएस ८४ ची ६३,७८,१३७ मीटर. फरक ८६१ मीटरचा. शिवाय तो एलिप्सॉइड पृथ्वीला कुठे आणि कसा टेकवायचा, हेही ज्याने त्याने आपापले ठरवले. या दोन्ही गोष्टी मिळून डेटम होतो. डेटम वेगळा असेल तर तेच अक्षांश-रेखांश जमिनीवर दुसरीकडेच पडतात. खुद्द ग्रिनिचच्या वेधशाळेत जुने शून्य रेखावृत्त दाखवणाऱ्या पितळी पट्टीवर उभे राहून जीपीएस पाहिले तर शून्य रेखांश पूर्वेला सुमारे १०२ मीटरवर सापडतो.

देशाच्या हद्दीत राहणाऱ्याला याचा त्रास नव्हता. त्रास सुरू झाला तो समुद्रात. उत्तर समुद्रात तेल सापडले तेव्हा किनाऱ्यावरचे अनेक देश आणि त्यांचे तितकेच डेटम एकाच पाण्यावर येऊन भिडले. युरोपचा सामाईक ईडी ५० आणि उपग्रहांवर बेतलेला डेटम यांतच शंभर मीटरहून जास्त फरक पडतो, आणि विहीर खणायला शंभर मीटर ही काही किरकोळ बाब नव्हे. म्हणूनच डेटमांची आणि प्रक्षेपणांची (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याच्या पद्धतींची) नीट यादी तेल कंपन्यांच्या सर्वेक्षकांनी केली. त्यांचा गट १९८० च्या दशकात उभा राहिला: युरोपियन पेट्रोलियम सर्व्हे ग्रुप, म्हणजेच ईपीएसजी. आज वेब नकाशे करणारी मंडळी दिवसभर ४३२६, ४३२६ म्हणत असतात, तो तेलवाल्यांच्या वहीतला अनुक्रमांक आहे.

आकडेमोडीची बाजू मात्र दुसरीकडे वाढली. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर आणण्याची सूत्रे जुनीच होती. मर्केटरचा नकाशा १५६९ चा. यूटीएमचा पूर्वज म्हणावे ते आडवे मर्केटर लॅम्बर्टने १७७२ मध्ये मांडले, गाउसने ते एलिप्सॉइडवर नेले आणि क्रूगरने १९१२ मध्ये त्याची सूत्रे व्यवस्थित छापली. कोष्टके उघडून हाताने हे करणे म्हणजे एका बिंदूला बराच वेळ. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात, म्हणजे यूएसजीएसमध्ये, त्यासाठी फोरट्रान या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्रामांचा एक संच होता. तिथल्याच जॉन स्नायडर यांनी १९८७ मध्ये प्रक्षेपणांच्या सूत्रांचे जाडजूड हस्तपुस्तक काढले. या विषयातला कुठलाही प्रोग्राम उघडला तरी त्याची छाया दिसते.

अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या यूएसजीएसच्या कार्यालयात जेराल्ड इव्हेंडेन समुद्रतळाचे नकाशे करत. त्यांनी 'प्रोज' युनिक्ससाठी सी भाषेत लिहिला. त्याचे माहितीपुस्तक १९९० चे. खुबी सूत्रांपेक्षा घडणीत होती. प्रोज हा गाळणीसारखा आहे: एका बाजूने ओळी आत, दुसऱ्या बाजूने ओळी बाहेर. खिडकी नाही, मेनू नाही. त्यामुळे लाखभर बिंदूंची फाईल दुसऱ्या प्रोग्रामकडून आणून प्रोजमधून काढायची आणि तिसऱ्याकडे सोपवायची, हे एका ओळीत होई. कोणते प्रक्षेपण हवे तेही त्याच ओळीत, अधिकच्या चिन्हाने जोडलेल्या छोट्या शब्दांत. पण हा प्रोज एकाच एलिप्सॉइडवर काम करी. अक्षांश-रेखांश कोणत्या डेटमचे, हे तो विचारत नसे.

तो प्रश्न सीएस२सीएसने विचारला. इव्हेंडेन निवृत्त झाल्यावर फ्रँक वॉर्मरडॅम यांनी चौथ्या आवृत्तीची देखभाल हाती घेतली आणि तिला डेटम बदलायला शिकवले. पद्धत सोपी ठेवली: कुठल्याही डेटमवरून आधी डब्ल्यूजीएस ८४ वर यायचे, मग तिथून हव्या त्या डेटमवर जायचे. त्यासाठी सरकवणे, फिरवणे आणि माप किंचित बदलणे यांचे तीन किंवा सात आकडे; जुन्या सर्वेक्षणातल्या चुका वेड्यावाकड्या असतील तर ठिकठिकाणच्या दुरुस्त्यांची ग्रिड फाईल. नकाशाच्या कामाला हे भरपूर होते. पण मधले स्थानक सगळ्यांना सक्तीचे झाले. उत्तर अमेरिकेचा एनएडी ८३ आणि डब्ल्यूजीएस ८४ एकच समजले गेले, तिथे खरा फरक एक-दोन मीटरचा.

चौथी आवृत्ती इतकी वर्षे टिकली की लोक अजून या प्रोग्राम-संचाला 'प्रोज फोर'च म्हणतात. याच काळात वेब नकाशे आले आणि डब्ल्यूजीएस ८४ चे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वी गोल चेंडू असल्यासारखे मर्केटर काढू लागले. खऱ्या मर्केटरशी उत्तर-दक्षिण फरक वर जाता जाता ४० किलोमीटरपर्यंत पोचतो. ईपीएसजीने आधी या प्रकाराला क्रमांक द्यायला नकार दिला. मग प्रोग्रामरांनी स्वतःच ९००९१३ हा क्रमांक वापरात आणला. इंग्रजी आकड्यांकडे (900913) तिरके पाहिले की त्यात 'गूगल' वाचता येते. शेवटी ३८५७ हा अधिकृत क्रमांक मिळाला. नियम करणारे आणि वापरणारे यांच्यात कोण जिंकते याचे यापेक्षा चोख उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये पाचवी आवृत्ती आली. थॉमस क्नुडसेन आणि क्रिस्टियन एव्हर्स या डेन्मार्कच्या भूगणितज्ञांनी मधले सक्तीचे स्थानक काढले. आता पायऱ्या एकापुढे एक जोडून हवा तो मार्ग आखता येतो. वर्षभराने सहावी आली. त्यातले बहुतेक काम एव्हां रूओ यांचे, त्यासाठी वापरणाऱ्या संस्थांनी वर्गणी काढली होती. ईपीएसजीची सगळी वही आता एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाईलमध्ये बसली आणि वहीत लिहिलेला अक्षांचा क्रम पाळायचे ठरले. ४३२६ मध्ये अक्षांश आधी येतो हे वहीत पूर्वीपासून होते, जुने प्रोग्राम सोयीस्करपणे ते बघत नसत. सुरुवातीचा ४७० किलोमीटरचा घोटाळा इथला. जुन्या स्क्रिप्ट एका रात्रीत उलट्या चालू लागल्या आणि लोकांनी शिव्याही दिल्या. माझ्या मते निर्णय बरोबर होता, फक्त वीस वर्षे उशिरा झाला.

एक खड्डा नवीन आवृत्तीतही आहे. लागणारी ग्रिड फाईल संगणकावर नसेल तर सीएस२सीएस कमी अचूक मार्ग निवडतो, आणि कधी कधी डेटममधला फरक सोडूनच देतो. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत ऐटीत छापलेले येते. 'प्रोजइन्फो'ला दोन्ही क्रमांक देऊन विचारले की उपलब्ध मार्ग, प्रत्येकाची अचूकता आणि कोणती फाईल गायब आहे हे तो सांगतो. २०२० च्या सातव्या आवृत्तीपासून या फाईल इंटरनेटवरून थेट ओढण्याची सोय झाली, पण ती चालू करावी लागते.

शेवटी उघड झालेली गोष्ट आहे वेळ. ऑस्ट्रेलियाचा भूखंड वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. जीडीए ९४ आणि जीडीए २०२० या तिथल्या दोन डेटममध्ये त्यामुळे १.८ मीटरचे अंतर पडले. पाचव्या आवृत्तीबरोबर आलेला 'सीसीटी' म्हणूनच एका ओळीत चार आकडे वाचतो. पहिले दोन सपाटीचे, तिसरा उंचीचा, आणि चौथ्या जागी २०२०.५ असे लिहिले तर त्याचा अर्थ मोजणी त्या वर्षाच्या मध्याला झाली.