सहा पायांवरचं हेलिकॉप्टर

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड आणि धाराशिवकडे पाण्याने वेढलेल्या लोकांना बाहेर काढायला लष्कराची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. अशा कामाचा बराचसा सराव वैमानिक जमिनीवर, सिम्युलेटरमध्ये करतात असं सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो : "म्हणजे गेमच ना तो?"

गेममध्ये फसवायचे असतात फक्त डोळे, आणि डोळे फार लवकर फसतात. सिम्युलेटर बनवणाऱ्याची खरी लढाई असते ती कानाशी. ऐकायच्या नव्हे, तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाशी.

आधी यंत्र थोडक्यात पाहू. आत खऱ्या कॉकपिटची हुबेहूब प्रत असते. डाव्या हाताशी कलेक्टिव्ह : हा दांडा वर ओढला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो. उजव्या हातात सायक्लिक : त्याने फिरत्या पात्यांची चकती हवी तिकडे झुकते. पायाशी पेडल, शेपटीच्या पंख्यासाठी. दांड्यांना मोटारी जोडलेल्या असतात, म्हणजे प्रशिक्षकाने 'हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने दांडा हलका ठेवणारी यंत्रणा) गेलं' असं ठरवलं की दांडा हातात खरोखर जड होतो. भोवती घुमट आणि त्यावर प्रोजेक्टरचं चित्र. हेलिकॉप्टरवाल्याला पायापाशीच्या काचेतूनही जमीन दिसावी लागते, त्यामुळे इथे घुमट खूप खालपर्यंत न्यावा लागतो. चित्रातल्या जमिनीला पुरेसा पोत नसेल, ढेकळं, गवत, खडे दिसत नसतील, तर हवेत एका जागी थांबलेलं यंत्र सरकतंय हे वैमानिकाला कळतच नाही. हे सगळं सहा लांब-आखूड होणाऱ्या पायांवर उभं असतं. बंगळुरूच्या 'हॅटसॉफ' या हिंदुस्थान एरोनॉटिक्स (एचएएल) आणि सिम्युलेटर बनवणारी कॅनडाची सीएई कंपनी यांच्या संयुक्त केंद्रात २०१० पासून अशी सोय आहे. तिथे एचएएलच्या ध्रुव हेलिकॉप्टरचं कॉकपिट काढून त्याच पायांवर दुसऱ्या हेलिकॉप्टरचं बसवता येतं.

या यंत्राचा पूर्वज १९२९ मधला. एडविन लिंक या अमेरिकन माणसाने वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातले भाते वापरून डुलणारी पेटी बनवली. सहा पायांच्या मंचाच्या पेटंटसाठी क्लाउस कॅपेल यांनी १९६४ मध्ये अर्ज केला, आणि तो मंच हवा होता हेलिकॉप्टरच्याच सिम्युलेटरसाठी.

आता मुख्य गोष्ट. आतल्या कानात दोन वेगळी मापकं असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळल्याचं सांगतात, पण फार हळू वळलं तर त्यांना पत्ता लागत नाही. सिम्युलेटरवाले ही मर्यादा साधारण सेकंदाला ३ अंश धरतात. दुसरं मापक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण. ते त्वरण आणि कल दोन्ही सांगतात, मात्र त्या दोहोंतला फरक त्यांना करता येत नाही. एसटी जोरात निघाली की पाठ सीटला दाबली जाते. अंधारात तुमची खुर्ची हळूच मागे कलवली तरी पाठ तशीच दाबली जाते. कण दोन्ही वेळा एकच निरोप देतात.

म्हणजे बसचा सिम्युलेटर सोपा आहे. चित्र पुढे पळवायचं, खुर्ची ३ अंशांच्या वेगाखाली मागे झुकवायची. १० अंश कल म्हणजे sin १० = ०.१७, म्हणजेच गुरुत्वाकर्षणाच्या १७ टक्के त्वरणाचा भास.

हेलिकॉप्टरमध्ये हाच हिशेब उलटा पडतो. हेलिकॉप्टर पुढे निघतं ते नाक खाली करून. पात्यांचा सगळा जोर ती ज्या उभ्या आसावर फिरतात त्याच्या दिशेने लागतो आणि कॉकपिटही त्या आसाबरोबरच झुकलेलं असतं. म्हणून १० अंश नाक खाली घालून वेग घेताना आतल्या माणसाला पुढे पडल्यासारखं वाटत नाही. बूड सरळ सीटमध्येच दाबलेलं राहतं, तेही किंचित जास्त वजनाने. मंचावर मात्र खरोखर १० अंश नाक खाली करून ठेवलं, तर मंच काही पुढे पळत नाही. माणूस पट्ट्यावर लोंबकळतो आणि कण ओरडतात की आपण ब्रेक मारतोय.

उपाय असा. नाक खाली जाण्याची सुरुवात मंचाने झटकन करायची, कारण ते वळण नलिकांना कळलंच पाहिजे. मग चित्रातलं क्षितिज तसंच तिरपं ठेवून मंच गुपचूप सपाट करायचा. १० अंश, सेकंदाला ३ च्या आतल्या गतीने : निदान साडेतीन सेकंद घेऊन. याला वॉशआउट म्हणतात. पुढे वेग वाढून हवेचा विरोध जोराइतका झाला की त्वरण संपतं, नाक मात्र खालीच असतं. आता खऱ्या हेलिकॉप्टरमध्येही पुढे कलल्यासारखं वाटतं, म्हणून मंचाने परत हळूहळू नाक खाली न्यायचं. सगळा वेळ चित्र एक सांगतंय, मंच दुसरंच करतोय, आणि आतल्याला दोन्ही जुळलेलं वाटतंय.

वॉशआउट घाईने केला की बिघडतं. मंच सपाट होताना वैमानिकाला नाक वर येतंय असं वाटतं, तो सायक्लिक आणखी पुढे ढकलतो, आणि हाताला चुकीची सवय लागते. म्हणून हे आकडे लावताना ते हेलिकॉप्टर खरोखर उडवलेला चाचणी वैमानिक शेजारी बसवावा लागतो.

वर-खाली हालचालीला तर कलाची युक्तीही चालत नाही. मंच मधोमध असताना वर ०.७५ मीटर जागा आहे असं धरा. दर सेकंदाला वेग सेकंदाला १ मीटरने वाढेल एवढ्या मामुली त्वरणाने निघालात तर निम्म्या अंतरावर, ०.९ सेकंदातच, थांबवायला सुरुवात करावी लागते. यावर सरळ उत्तर नासाने आपल्या 'एम्स' या संशोधन केंद्रात दिलं : दहा मजली मनोऱ्यात कॉकपिट १८ मीटर वर-खाली नेणारा सिम्युलेटर. तेवढं कुणाला परवडत नाही, म्हणून बाकीचे सीट थरथरवतात. एमआय-१७ या हेलिकॉप्टरची पाच पाती मिनिटाला सुमारे १९२ फेऱ्या मारतात, म्हणजे सेकंदाला १६ हादरे. जोर वाढला, वेग घटला की या थरथरीचा पोत बदलतो, आणि मुरलेला वैमानिक बुडाने ते ओळखतो.

चित्र मागे पडलं तरी हीच गत. दांडा हलवल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर उच्च दर्जाच्या यंत्रात १०० मिलिसेकंदांच्या आत ठेवतात. नाहीतर पोटात ढवळतं. सिम्युलेटरची मळमळ पहिल्यांदा १९५७ मध्ये नोंदली गेली, तीही हेलिकॉप्टरच्याच यंत्रावर. गंमत म्हणजे नवख्यांपेक्षा जुन्या प्रशिक्षकांना ती जास्त होते : खरं हेलिकॉप्टर कसं हलतं हे त्यांच्या कानाला पाठ असतं. सिम्युलेटरमधून उतरून लगेच उडायला न पाठवण्याचं कारण ही मळमळच.

एवढा खटाटोप कशासाठी? प्रशिक्षकाच्या टेबलावर तापमान ४२, उंची ६४० मीटर आणि भरपूर वजन भरा. ही झाली मे महिन्यातली लातूरची दुपार. तिथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण (हिशेबासाठी ठरवून धरलेल्या) हवेपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ असते. प्रमाण वातावरणात एवढी घनता १,७०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्याही वर मिळते. इंजिन दमतं, पाती हवेला कमी पकडतात, उचल घटते. २५ मे २०१७ ला निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच विजेच्या तारांत अडकून कोसळलं, सुदैवाने सगळे वाचले. त्या दिवशी अमावास्या होती, हे खरं. पण घनतेच्या सूत्रात दाब आणि तापमान लागतं, तिथीला त्यात जागा नाही.

दुसरा पाठ : भोवऱ्याचं कडं. वेग अगदी कमी आणि मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जोरात खाली येताना यंत्र स्वतःच्याच खाली फेकलेल्या हवेत सापडतं. हात आपोआप कलेक्टिव्ह वर ओढतो, आणि त्याने घसरण आणखी वाढते. सुटका उलटी : नाक पुढे, वेग घ्या, त्या हवेतून बाहेर पडा. पुरात घराच्या पत्र्याकडे खाली येताना हे झालं तर विचार करायला वेळ नसतो, आणि खऱ्या हेलिकॉप्टरने तेवढ्या कमी उंचीवर हा सराव कुणी करत नाही. तीच गोष्ट शेपटीचा पंखा बंद पडण्याची. उन्हाळ्यात नांगरलेल्या वावरात उतरताना शेवटच्या काही मीटरांत धुरळ्याने जमीन दिसेनाशी होते. तिथे सरकतोय की स्थिर, हे न कळण्याचा सरावही आतच होतो.

सराव एकट्या वैमानिकाचा नसतो. दोर सोडताना खालचा माणूस वैमानिकाला दिसत नाही. दारात पालथा झोपलेला सहकारी सांगतो, "फॉरवर्ड फाइव्ह… थ्री… टू… स्टेडी", आणि वैमानिक फक्त त्या आवाजावर हलतो. आकड्यांमधली गती हीच त्याची वेगाची खूण असते. सहकारी अडखळला की हेलिकॉप्टर पुढे निघून जातं. या सरावाला व्हीआर (आभासी दृश्य दाखवणारा) चष्मा उत्तम चालतो, मात्र दार, दोर आणि हातातलं बटणांचं यंत्र खरंच लागतं. त्यावरून 'आता महागडे सिम्युलेटर गेले, चष्मा पुरे' अशी जाहिरात सुरू आहे. चष्म्यात स्वतःचा हात दिसत नाही, दाखवला तर जरा उशिरा दिसतो, आणि डोक्यावरचं वजन तासाभरात मानेला कळतं. शिवाय चष्मा डोळ्यांवर बसतो. कानासाठी ते सहा पाय लागतातच.