चालू गाडीची बॅटरीची वायर काढू नका

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की जुन्या गाड्यांचं एक दुखणं हमखास डोकं वर काढतं: बॅटरीचा लाल दिवा मधेच लागतो, मधेच विझतो. मग वर्षानुवर्षं चालत आलेला सल्ला मिळतो, "इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा. गाडी बंद पडली नाही म्हणजे अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) चांगला."

कृपा करून हे करू नका. ही रीत अल्टरनेटरच्या आधीच्या, डायनॅमोच्या जमान्यातली. अल्टरनेटर फिरत असताना बॅटरी सुटली की व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं. त्यात अल्टरनेटरचे डायोड, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, इंजेक्शनच्या गाडीत तर ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) सुद्धा जळू शकतो. आणि एवढं करून कळतं काय? त्या मिनिटाला चार्जिंग होतंय, इतकंच. दोष तर अधूनमधून येणारा!

मल्टिमीटर लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. हेडलाइट लावा, एकेक वायर हलवा, नजर आकड्यावर ठेवा. गाडी चांगली तापल्यावर पुन्हा तेच करा, कारण पुष्कळ सैल जोड गाडी थंड असताना सापडत नाहीत.

माझ्या गाडीत अर्थिंगची (बॉडीला जोडणारी) पट्टी हलवली की आकडा पडायचा. बोल्ट खोलला, तर खाली हिरवट-पांढरा थर. काचपेपरने घासून धातू चकचकीत केला, बोल्ट आवळला. अल्टरनेटर अजून तोच आहे.